पायडलवरचे पाय

मित्रांनो, जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णी गावात, बाजाराच्या गल्लीतल्या एका घराच्या पुढच्या खोलीत मी सेहेचाळीस वर्षांपासून उभी आहे. मी शिलाई मशीन, पायाने चालवायची, जुन्या घडणीची. माझ्या काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी होती. उजव्या बाजूची वेल हात घासून घासून पार पुसली गेली, डावीकडची अजून थोडी दिसते. खाली बिडाची जाळीदार चौकट आहे, तिच्यात मोठे चाक आणि चाकाच्या खाली पायडल. दुकानात येणारे लोक माझी सुई बघतात. पण मी माणसे ओळखते ती पायडलवरून. म्हणून आज मी तुम्हाला सांगणार आहे ती एका माणसाच्या पायांचीच हकीकत आहे.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून आगगाडीने मी जालन्याला आले आणि जालन्यातून एसटीच्या टपावर, दोन गोधड्यांत गुंडाळून, टेंभुर्णीला. मला आणले मुझफ्फर टेलर यांनी. त्यांचा मुलगा सिराजोद्दीन तेव्हा तेरा वर्षांचा होता. वडिलांनी त्याला पहिले चार महिने धागाच लावू दिला नाही. जुन्या वहीचा कागद माझ्या सुईखाली ठेवायचा आणि छापील रेघेवरून नुसती भोके पाडत जायचे. रेघ सुटली की पुन्हा पहिल्यापासून. तो कंटाळून रडायचा, पण पाय थांबवायचा नाही. त्या चार महिन्यांत त्याचे पाय माझे झाले. उजवा थोडा पुढे, डावा टाचेवर मागे, आणि दाब असा एकसारखा की माझ्या चाकाला कधी धक्का बसला नाही.

मुझफ्फर टेलर गेल्यानंतर दुकान सिराजोद्दीनच्या हाती आले आणि गाव त्यांना सिराजचाचा म्हणू लागले. मित्रांनो, मी काय काय शिवले म्हणून सांगू! लग्नाच्या शेरवान्या शिवल्या. शाळेचे गणवेश शिवले. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत लेझीम खेळणाऱ्या मुलामुलींचे निळे-पांढरे पोशाख शिवले. ते घालून पथक जालन्याला गेले आणि पहिले आले, तेव्हा पथकाचे मास्तर राजानंद सर पेढे घेऊन दुकानात आले होते. त्यांनी एक पेढा माझ्या टेबलावरही ठेवला. चाचांनी मला मोटार कधी बसवली नाही. "मोटर आपल्या मनानं पळती," ते म्हणायचे, "पायाला कापड समजतं." मला त्या वाक्याचा फार अभिमान वाटायचा.

मग तयार कपड्यांचे दिवस आले. गिऱ्हाईक कमी झाले. माझ्यावर जुनी कॅलेंडरं आणि रिकाम्या पुठ्ठ्याच्या पेट्या रचल्या गेल्या. एक पावसाळा तर असा गेला की माझ्या चाकावर तांबेरा धरला. पुढे मास्क शिवण्याची वेळ आली तेव्हा चाचांच्या पत्नी कमरबी यांनी त्या पेट्या उचलल्या, मला पुसले आणि स्वतः पायडलवर बसल्या. तेव्हापासून त्यांनाही मी चांगली ओळखते. त्यांचे पाय हलके आणि घाईचे आहेत.

चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर चाचा एक सदरा शिवत होते. कॉलर लावता लावता पाय थांबले. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि माझ्या टेबलावर डोके टेकले. लोकांनी त्यांना उचलून जालन्याला नेले, तिथून छत्रपती संभाजीनगरला. हृदयाच्या नळीत चरबी साचली होती. तिथे बारीक जाळी बसवून डॉक्टरांनी नळी मोकळी केली. दहा दिवसांनी चाचा परत आले ते गोळ्यांची पिशवी घेऊनच. एक गोळी रक्त पातळ ठेवायची, एक रक्तदाबाची आणि एक कोलेस्टेरॉलची. कोलेस्टेरॉल म्हणजे रक्तातली चरबी. ती वाढली की नळी पुन्हा बुजते, म्हणून ही गोळी आपल्या मनाने सोडायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. चाचांनी ते पाळले. अडीच वर्षे त्या गोळीने त्यांना सांभाळले आणि त्यांनी मला. सगळे बरे चालले होते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये बद्रीनाथ दुकानात आले. बद्रीनाथ हे गावचे निवृत्त पोस्टमन. त्यांची खाकी पँट तीस वर्षे मीच शिवली. सरळ मनाचा माणूस. त्यांच्या हातात पांढऱ्या रंगाची बाटली होती, तिच्यावर हिरवे पान छापलेले.

"सिराजभाई, हे बघा," ते म्हणाले. "लाल तांदूळ आंबवून केलेल्या कॅप्सूल हायेत. माझं कोलेस्टेरॉल दोन महिन्यांत खाली आलं. कागद दाखवतो तुम्हाला. जडीबुटी हाय, साइड इफेक्ट बिलकुल न्हाई."

त्यांनी खोटे काही सांगितले नव्हते. त्यांचा रिपोर्ट खरेच सुधारला होता. आपल्याला गुण आला तो चार ओळखीच्यांना यावा, एवढाच त्यांचा हेतू होता. कंपनीच्या माणसाकडून बाटल्या घेऊन ते घरोघर देत होते. चाचांनी बाटली घेतली. सकाळी दोन कॅप्सूल आणि झोपताना डॉक्टरांची गोळी, असे त्यांनी ठरवले. दोन्ही घेतल्या तर फायदा दुप्पट होईल, असा साधा हिशोब होता. बद्रीनाथांनी विचारले नाही की तुम्हाला काही गोळ्या चालू आहेत का. चाचांनी सांगितले नाही. कमरबींनाही नाही. बाटली माझ्या खणात, बटणांच्या डबीमागे जाऊन बसली.

एप्रिल लग्नांच्या कामात गेला. मे महिन्यात शाळेच्या गणवेशाचे कापड येऊन पडले. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवले.

चाचांचा दाब बदलला होता. पूर्वी पाय पडायचा आणि सहज उचलला जायचा. आता पडायचा तो जड पडायचा आणि उचलताना थरथरायचा. पायडलने चालणाऱ्या मशीनचे एक असते, पाय क्षणभर अडखळला की चाक उलटे फिरते आणि धागा तुटतो. चाचांच्या पायाखाली माझा धागा आठवड्यातून एखादे वेळी तुटायचा. आता दिवसात वीस वेळा तुटू लागला. उठताना ते दोन्ही तळवे माझ्या टेबलावर टेकायचे आणि सगळे वजन माझ्यावर टाकून उभे राहायचे. कमरबी मांड्यांना तिळाचे तेल लावून द्यायच्या.

"उमर हो गई," चाचा म्हणायचे. "और गर्मी भी कितनी है."

मला सगळे कळत होते, मित्रांनो. पण माझ्याजवळ सुईचा आवाज आहे, बोलणे नाही.

चाचांनी दोष मला दिला. मशीन जड झाली म्हणाले. माझ्या सगळ्या भोकांत तेल सोडले, चामड्याचा पट्टा बदलला. तरी भागेना म्हणून जाफराबादहून इजहार मिस्त्रीला बोलावले. इजहार हा मशिनी दुरुस्त करणारा हसतमुख माणूस. त्याने माझे झाकण उघडले, शटल काढून पाहिली, मग एका बोटाने चाकाला टिचकी दिली. चाक कितीतरी वेळ फिरत राहिले.

"मशीन मक्खन है, चाचा," तो म्हणाला. "खराबी तुम्हारे पैरों में है."

तो गमतीने बोलला. चाचाही हसले. नेमक्या त्याच वेळी भावना दारात उभी होती.

भावना ही राजानंद सरांची मुलगी. लहानपणी तिच्या लेझीमच्या पोशाखाचे माप चाचांनीच घेतले होते. आता ती आरोग्य केंद्रात नर्स आहे. लेकीच्या गणवेशाचे कापड घेऊन ती आली होती. इजहार गेला तसे चाचा तिचे कापड घ्यायला उठले. तळवे टेकले, एकदा उठता आले नाही, दुसऱ्यांदा उठले. भावना ते पाहत राहिली. कापड तिने हातातच ठेवले.

"चाचा, असे हात टेकून कवापासून उठून राह्यले तुम्ही?"

"झाले की पंधरा-वीस दिवस. काम लई हाय ना बेटा. शाळा उघडायला आल्या."

"एक पाय दुखतो का दोन्ही?"

"दोन्ही. मांड्या अशा झाल्या की दगड बांधल्यासारख्या. आता तर खांदेबी दुखून राह्यले."

"लघवीचा रंग कसा हाय?"

ज्या मुलीच्या फ्रॉकचे माप घेतले तिला हे कसे सांगायचे, असे चाचांच्या चेहऱ्यावर दिसत होते. पडद्यामागून कमरबी बाहेर आल्या.

"बोलो ना जी, पूछ रही है वो."

"परवापासून कोऱ्या चहासारखी होती," चाचा खाली बघत म्हणाले.

भावनाने कापड स्टुलावर ठेवले आणि ती माझ्यासमोर बसली. सगळ्या गोळ्या दाखवा म्हणाली. कमरबींनी पिशवी आणली. तिने एकेक पाकीट उलटसुलट करून वाचले. कोलेस्टेरॉलच्या गोळीपाशी ती थांबली.

"ह्या गोळीनं कधी कधी स्नायू दुखतात. पण अडीच वर्षं काही न्हाई झालं आणि आत्ताच कसं? अजून काय घेता?"

"बस, एवढंच."

"डॉक्टरांनी न दिलेलं काही? चूर्ण, काढा, कुणी सांगितलेलं? चाचा, मी रागवायची न्हाई. पण मला सांगा."

मग चाचांनी हात लांबवून माझा खण उघडला आणि बटणांच्या डबीमागची बाटली काढून तिच्या हातात दिली. कमरबी नवऱ्याकडे बघतच राहिल्या.

बाटलीवर "शंभर टक्के नैसर्गिक" ही अक्षरे मोठी होती. आत काय आहे ती अक्षरे मुंगीएवढी. भावनाने मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढला, मोठा करून वाचला आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला. एकेक शब्द वाचून दाखवला. पलीकडचे ऐकताना तिची मान हलत होती. फोन ठेवून ती म्हणाली,

"चाचा, हा लाल तांदूळ आंबवला की त्याच्यात तुमच्या गोळीच्याच जातीचं औषध तयार होतं. तुम्ही दोन महिने दोन्ही संगं घेऊन राह्यले. त्यानं तुमचे स्नायू आतून झिजायला लागले. ते झिजलेलं रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडात जाऊन बसतं. लघवी म्हणून काळी झाली. आत्ता जालन्याला निघायचं. उद्या न्हाई, आत्ता."

"अगं पण हे गणवेश? चाळीस लेकरांचे हायेत!"

चाचांनी असे म्हणताच कमरबींनी त्यांच्या खांद्यावरची मापाची टेप काढून स्वतःच्या गळ्यात घातली.

"वो मैं देख लूँगी. तुम उठो."

मित्रांनो, इतकी वर्षे मी हुशार हात पाहिले. चुकलेल्या शिवणीतला नेमका टाका शोधणारे, अंदाजाने कापूनही बरोबर बेतणारे. पण भावनाने त्या दुपारी जे केले त्याच्यासारखे काही पाहिले नाही. ती कापड द्यायला आली होती. देऊन जाऊ शकली असती. तिने एका माणसाला उठताना पाहिले आणि तिथेच थांबली.

पुढचे मला कमरबींच्या तोंडून कळले. जालन्याच्या दवाखान्यात रक्त तपासले. स्नायू झिजल्याचा जो आकडा असतो तो दोनशेच्या आत हवा, चाचांचा सतरा हजारावर गेला होता. मूत्रपिंडावरही ताण दिसत होता. दोन्ही औषधे बंद केली आणि सलाईनवर सलाईन सुरू झाली. अशा उन्हात आणखी दोन दिवस काढले असते तर रक्त मशीनवर शुद्ध करायची पाळी आली असती, असे डॉक्टर म्हणाले. चौथ्या दिवशी लघवीचा रंग निवळला. चाचांची मुलगी अर्शिया आष्टीला सासरी असते, ती धावत आली आणि वडिलांच्या उशाशी बसली. तेव्हा कुठे कमरबी घरी परतल्या.

आल्या त्या तोंड धुऊन सरळ माझ्यापाशी. मास्क शिवणे वेगळे आणि गणवेश वेगळा. पहिल्या पँटची चेन त्यांनी तीनदा उसवली. चौथ्यांदा जमली. मी माझ्याकडून टाका सोडला नाही. त्यांचे घाईचे पाय दोन दिवसांत माझ्या चाकाशी जुळले, आणि शाळा उघडायच्या आदल्या दिवशी चाळीसच्या चाळीस गणवेश घड्या घालून तयार होते. एकाच पँटचा खिसा थोडा तिरका गेला. तो मुलगा ती पँट घालून अजून शाळेत जातो.

त्याच दिवसांत बद्रीनाथ आले. आत आले नाहीत, उंबऱ्यापाशीच उभे राहिले. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

"भाभी, मला म्हाईत नव्हतं हो. मी सोता बी तेच खाऊन राह्यलो."

कमरबींनी पाय थांबवले. मला वाटले, आता त्या बोलतील ते गल्लीभर ऐकू जाईल. शेजारच्या बायका तर तेच ऐकायला बाहेर आल्या होत्या. कमरबींनी विचारले,

"आणखी कुणाकुणाला दिल्या?"

"एकोणीस घरी."

"मंग इथं कशाला उभे? जावा की. एकेका घरी जावा."

बद्रीनाथ गेले. भावनाला बरोबर घेऊन ते एकोणीस घरे फिरले. टपाल वाटायचे तेव्हा त्यांच्या आगमनाने लोकांना आनंद व्हायचा. आता प्रत्येक दारात त्यांना आपली चूक सांगायची होती. कोणी ऐकून घेतले, कोणी तोंडावर दार लावले. पण त्यांनी एकही घर टाळले नाही. चार जण असे निघाले की ज्यांना डॉक्टरांची कोलेस्टेरॉलची गोळीही चालू होती. त्यांतल्या नंदाबाईंचे दंड आठवडाभरापासून दुखत होते, त्यांना वाटले होते पाण्याच्या हंड्यांनी दुखतात. त्यांची तपासणी वेळेत झाली. बाटल्या परत गोळा करून बद्रीनाथांनी आरोग्य केंद्रात नेऊन दिल्या आणि स्वतःच्या कॅप्सूल बंद करून तेही डॉक्टरांसमोर जाऊन बसले.

चाचा घरी आले ते भिंत धरून. पाय काठीसारखे बारीक झाले होते. बाजारातले लोक भेटायला यायचे आणि बद्रीनाथांना नावे ठेवायचे. चाचा हात वर करून त्यांना थांबवायचे. "त्याला मी सांगितलंच न्हाई की मला गोळी चालू हाय. चूक दोघांची हाय," ते म्हणायचे. तेव्हा मला वाटले, मी ज्याच्या पायाशी आयुष्य काढले तो माणूस किती मोठा आहे.

पण गोष्ट इथे संपली नाही, मित्रांनो. खरी भीती पुढेच होती.

दोन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासले तेव्हा सगळे ठीक आले होते. डॉक्टर म्हणाले, हृदयात जाळी आहे, चरबी वाढू देऊन चालणार नाही. त्यांनी कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी लिहून दिली, कमी ताकदीची, एक दिवसाआड, आणि दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासायचे. चाचांनी मान हलवली. घरी आल्यावर ते रोज पाण्याचा पेला घेऊन माझ्यापाशी बसायचे. कमरबींना पाणी पितानाचा आवाज ऐकू जायचा. मला मात्र खणात गोळी पडल्याचा बारीक आवाज ऐकू यायचा. कोलेस्टेरॉलची गोळी, रक्त पातळ करायची गोळी, रक्तदाबाची गोळी, सगळ्या हुकांच्या डबीत जात होत्या. बारा दिवस. ज्या खणाने आधी एक बाटली लपवली त्याच खणाने आता हेही लपवावे, याची मला फार लाज वाटली. पण खण काही स्वतः उघडत नाही.

तेराव्या दिवशी सकाळी कमरबींना पँटचा हुक हवा होता. त्यांनी डबी उपडी केली. हुकांबरोबर गोळ्या टेबलावर घरंगळल्या. एक माझ्या सुईच्या पायापाशी येऊन थांबली.

"ये क्या है जी?"

चाचांनी सुईपाशी थांबलेली गोळी बोटाने बाजूला सारली.

"डर लगता है, कमर," ते म्हणाले. सेहेचाळीस वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. "गोली देखी के पैर काँपते. ये पैर गए तो मैं कौन?"

कमरबी खाली बसल्या, माझ्या पायडलशेजारी, जमिनीवरच. त्यांनी चाचांचे पाऊल दोन्ही हातांत धरले.

"और दिल गया तो मैं कौन?"

चाचांच्या डोळ्यांतून पाणी आले. कमरबींनी ते पुसले नाही. उठून त्यांनी भावनाला फोन केला.

भावना आली. मला वाटले, आता तरी ती रागावेल. ती चाचांसमोर स्टुलावर बसली, त्यांची नाडी पाहिली, रक्तदाब मोजला. मग म्हणाली,

"चाचा, भीती वाटणारच. तुमच्या अंगावरून गेलंय. पण खरं सांगू? मला गोळीपेक्षा ह्या बारा दिवसांची जास्त भीती वाटून राह्यली. रक्त पातळ करायची गोळीबी तुम्ही बंद केल्ती. जाळीत गुठळी झाली असती तर?"

"पण बेटा, पुन्हा तसंच झालं तर?"

"ही गोळी हजारो लोक घेतात, बहुतेकांना काही होत न्हाई. काहींचे हातपाय दुखतात, मंग डॉक्टर मात्रा कमी करतात न्हाईतर औषध बदलून देतात. तुमच्यासारखं क्वचित होतं, आणि तुमचं झालं ते दोन औषधं एकावर एक चढल्यानं. आपण एक करू. पाय जरा जरी दुखले, लघवीचा रंग जरा जरी बदलला, तर त्याच दिवशी मला फोन करायचा. गोळी थांबवायची का न्हाई ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही मनानं न्हाई आणि मी बी मनानं न्हाई. त्यांच्याकडं दुसरी औषधं हायेत. पण लपवायचं बिलकुल न्हाई. कबूल?"

"कबूल," चाचा म्हणाले.

त्याच दिवशी ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि बारा दिवसांचे सगळे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले. डॉक्टरांनी तपासून गोळ्या पुन्हा सुरू करून दिल्या. संध्याकाळी चाचांनी कमरबींसमोर, माझ्यासमोर, ती बारीक गोळी जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून पाणी प्यायले. मित्रांनो, लोक शूर माणसांच्या फार गोष्टी सांगतात. मी पाहिलेले शौर्य हे एवढे होते, एक पेला पाणी आणि एक गोळी.

दीड महिन्याने रिपोर्ट आला. स्नायूंचा आकडा ठीक, चरबी आटोक्यात. त्या दिवशी चाचा माझ्यावर बसले आणि त्यांनी पायडलवर पाय ठेवले. उजवा पुढे, डावा मागे. दाब अजून पूर्वीइतका नव्हता. पण तो एकसारखा होता. एक बाही संपली, धागा तुटला नाही. कमरबी चहा घेऊन आल्या होत्या त्या दारातच उभ्या राहून ऐकत होत्या.

आता चाचा तासभर शिवतात, थोडे चालून येतात, पाणी पितात, पुन्हा बसतात. आणि उरलेल्या वेळात ते एक नवे काम करतात. गणवेशाच्या उरलेल्या कापडाच्या ते पिशव्या शिवतात. प्रत्येक पिशवीला दोन कप्पे. आतल्या कप्प्यावर भावनाने मार्करने लिहून दिले, "डॉक्टरांनी दिलेली". बाहेरच्या कप्प्याला चाचा काठाने लाल पट्टीचा गोट लावतात आणि त्यावर लिहिलेले असते, "आपल्या मनाने घेतलेली". दवाखान्यात जाताना दोन्ही कप्पे भरून न्यायचे आणि डॉक्टरांच्या टेबलावर रिकामे करायचे, एवढाच नियम. बद्रीनाथ त्या घरोघर नेऊन देतात. लाल गोटाच्या कप्प्यातून काय काय निघते ते भावना येऊन सांगते. लसणाच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, कुठल्याशा पेटीतले चूर्ण, जावयाने परदेशातून आणलेली बाटली. बऱ्याच गोष्टी निरुपद्रवी असतात. काही नसतात. पण डॉक्टरांना त्या दिसतात तरी.

आजपर्यंत मी अशा शंभरावर पिशव्या शिवल्या आहेत. शेरवानी शिवताना वाटायचा त्याहून जास्त अभिमान मला या पिशव्यांचा वाटतो.

तर मित्रांनो, आता माझे तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्या घरातही आजी-आजोबा असतील, आई-बाबा असतील, त्यांना गोळ्या चालू असतील. त्या गोळ्या त्यांना सांभाळतात, त्यांना घाबरू नका आणि घाबरवू नका. पण बाटल्यांवरची खरी माहिती बारीक अक्षरांत असते आणि मोठ्यांच्या डोळ्यांना ती दिसत नाही. तुमचे डोळे लहान वयाचे आहेत. आज घरी गेल्यावर प्रत्येक बाटली उजेडात धरा आणि तिच्यावरचे सगळे मोठ्याने वाचून दाखवा. मग त्यांना विचारा, तुमचे काही दुखते का? ते म्हणतील, अरे वय झाले, चालायचेच. तेवढ्यावर उठू नका. त्यांच्याजवळ बसून राहा, आणि पुन्हा एकदा विचारा.